बादलीचं प्लास्टिक

"पिसाळ, गप मागं जाऊन बस. आणि सारखं माझ्या पायाकडं बघायचं नाही. तू बघितलंस की घोलपसाहेबबी बघणार."

गाडीत चढताचढताच शालनकाकूंनी मला दम भरला. कराडच्या स्टँडवर चिपळूणची गाडी लागली होती. शिमग्याला कोकणात निघालेली माणसं पिशव्या, पोती आणि पोरांसकट दाराला भिडली होती आणि काकू दाराशी उभ्या राहून एकेकाला आत घेत होत्या. अंगात खाकी ड्रेस, गळ्यात तिकिटाचं मशीन आणि शिट्टी, खांद्याला कातडी पिशवी. उजव्या पायात, मोज्याच्या वर आणि काळ्या बुटाच्या आत, आमचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता.

मी, वृषाली आणि इम्तियाज आत्तार सगळ्यात मागच्या सीटवर जाऊन बसलो. वृषाली ही काकूंची मुलगी. तिनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

त्या पायाची हकिगत अशी. ड्यूटीवर येताना एका मोटरसायकलनं काकूंना उडवलं होतं. हाड जुळलं, पण गुडघ्याखालची नस गेली ती गेलीच. पायाचा पंजा वर उचलेना. चालताना पाऊल खाली लोंबायचं आणि अंगठा जमिनीत अडकायचा. दवाखान्यानं पोटरीच्या मागून उतरून तळपायाखाली जाणारी एक जाड पांढरी पट्टी दिली होती. तिच्यावर घरातल्या घरात चालता यायचं. पण ती ड्यूटीच्या बुटात मावायची नाही, आणि हलत्या गाडीत पाऊल तिच्यात डगमगायचं. म्हणून काकूंना डेपोत बसायचं काम मिळालं, तात्पुरतं. ते तात्पुरतं आता संपत आलं होतं. ठरलं असं की वाहतूक निरीक्षक घोलपसाहेब सोबत बसतील आणि काकूंनी चिपळूणची एक फेरी करून दाखवायची. जमली तर गाडी परत मिळेल. नाही जमली तर कायमची खुर्ची.

"खुर्ची काय वाईट आहे, काकू?" असं मी एकदा विचारून बसलो होतो. माझं तोंड तसंही फार आवरत नाही.

काकू भाजी निवडत होत्या. हातातली जुडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पिसाळ, हिचा बाप ह्याच रस्त्याला ड्रायव्हर होता. तो गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. घरात बसले असते तर नुसती रडले असते. गाडीत चढले आणि रडायला येळच मिळाला नाही. दर स्टॉपला नवी माणसं, नवी भांडणं. मला खुर्चीत बसवलं की मी पहिल्या दिवसापासून रडणार बघ."

त्या दिवसापासून आमचा प्रोजेक्ट मार्कांसाठी उरला नाही. वर्गातली बाकीची पोरं रेसची गाडी नाहीतर सोलरचा पंप घेऊन बसली होती. आम्हाला एका बाईचा पाय मिळाला होता.

विषयाचं नाव भारदस्त होतं: पायाच्या आधारपट्टीसाठी योग्य मटेरियलची निवड. आम्ही रीतसर तक्ता केला. एकीकडं मटेरियल, दुसरीकडं ताकद, ताठपणा, वजन, जाडी. दवाखान्याची पांढरी पट्टी पॉलीप्रॉपिलीनची होती. बादल्या आणि डबे त्याचेच असतात. मी त्याला पहिल्याच दिवशी 'बादलीचं प्लास्टिक' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. तक्त्यात बादली सगळ्यात खाली होती. सगळ्यात वर होतं पॉलीकार्बोनेट. काचेसारखं आरपार, पातळ ठेवलं तरी ताठ, आणि मजबूत किती, तर पोलिसांच्या ढाली त्याच्या असतात. मी स्वतः त्यावर हातोडा घातला होता, हातोडाच उसळून परत आला. पट्टी वाकवणारं एक मशीनही आम्ही बनवलं. ते लॅबमध्ये दिवसभर खटखट करत राहायचं आणि पट्टीला साधा ओरखडा यायचा नाही.

ती पट्टी पहिल्यांदा बुटात घालून काकू अंगणात चालल्या तेव्हा कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या आणि ओरडल्या, "डबल बेल!" वृषाली तिथल्या तिथं खाली बसून रडली. इम्तियाज उगाच तुळशीला पाणी घालायला लागला. मी नेहमीसारखा काहीतरी पाचकळ बोललो असणार.

इम्तियाजचे अब्बा आठवडी बाजारात अत्तर आणि तेलं विकायचे. इम्तियाज स्वभावानं असा, की कुणाचं दुखलं म्हटलं की याच्या खिशातून बाटली निघायची. सगळ्या हॉस्टेलचे गुडघे आणि कंबरा त्याच्या घरच्या तेलावर चालायच्या. फेरीच्या आधी थोडे दिवस काकू म्हणाल्या की पोटरी फार ठणकते. दुसऱ्या दिवशी यानं हिरव्या काचेची बाटली आणून दिली. "अब्बांच्या हातचं आहे, काकू. निलगिरी, गंधपुरा आणि बरंच काय काय. सकाळी चोळायचं आणि कामाला लागायचं."

"ठेव तिथं," काकू म्हणाल्या होत्या. एवढंच.

गाडी सुटली. काकूंनी पुढून तिकिटं फाडायला सुरुवात केली. घोलपसाहेब ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर आडवे वळून बसले होते. माणूस वाईट नव्हता. चेहरा मात्र असा कोरा ठेवायचा की आपल्याला घाम फुटावा.

"ओ आजोबा, पोतं पायात घ्या, पोत्याचं तिकीट काढलंय का? ताई, बाळ मांडीवर घ्या की, ते काय नोकरीला लागलंय काय अजून?" काकूंचा आवाज गाडीभर फिरत होता आणि त्यामागून काकू. वळण आलं की त्या नेहमीच्या सवयीनं मांडी सीटच्या कडेला टेकवायच्या, दोन्ही हात मोकळे ठेवायच्या आणि पैसे मोजायच्या. पाऊल सरळ पडत होतं. पाटण येईपर्यंत घोलपसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघणं हीच आमची पास व्हायची खूण होती.

आमच्या पुढच्या सीटवरचा म्हातारा एकदम नाक दाबून म्हणाला, "कोण एवढं निलगिरी चोपडून बसलंय रे? डोळ्यातनं पाणी काढलं की."

इम्तियाज माझ्या कानाशी आला. त्याचा चेहरा फुलला होता. "आमचंच तेल आहे. दुसऱ्या कुणाच्या तेलाला हा वास येत नाही. कोणतरी अब्बांचं गिऱ्हाईक आहे गाडीत."

पाटण सोडलं, रस्ता चढाला लागला आणि एका वळणावर मी तो आवाज ऐकला.

टक.

आवाज लहानच होता. इंजिनाच्या घरघरीत कुणाला ऐकू जायचं कारण नव्हतं. पण आम्ही तिघांनी ऐकला, कारण सकाळपासून आम्ही त्याच एका आवाजाला भीत होतो. काकू गाडीच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांचा हात वरच्या दांडीला गेला. इतका वेळ त्यांनी दांडी धरली नव्हती. क्षणभर त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"हेळवाक कुणाचं राहिलंय? बोला पटपट."

वृषालीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली तरी मी हात सोडवून घेतला नाही.

कोयनानगरला गाडी चहासाठी थांबली. साहेब आणि ड्रायव्हर बाबर टपरीवर गेले. काकू गाडीच्या आडोशाला एका दगडावर बसल्या आणि आम्ही भोवती उकिडवे बसलो. वृषालीनं बूट काढला.

पट्टी आरपार होती, त्यामुळं लपायला काही जागाच नव्हती. घोट्याच्या मागं, जिथं पट्टी वळते तिथं, अर्ध्याहून जास्त रुंदीची चीर गेली होती. तिच्या वर, पोटरीला चिकटणाऱ्या सगळ्या भागात बारीक भेगांची जाळी. टाचेखालचा भाग तेवढा अजून स्वच्छ होता. आणि वास. निलगिरीचा तो वास मोज्यातून भपकन वर आला. मोजा पोटरीवर ओला होता.

मी वृषालीकडं बघितलं, वृषालीनं आईकडं. इम्तियाज कुणाकडंच बघत नव्हता. त्याची नजर त्या ओल्या मोज्यावर होती आणि चेहऱ्यावरचं सगळं रक्त उतरलं होतं. मला तेव्हा वाटलं, हा चीर बघून घाबरलाय. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: जी वस्तू माझ्या हातोड्यानं फुटली नाही ती एका बाईच्या पायावर कशी फुटते? तक्ता मला तोंडपाठ होता. त्यात याचं उत्तर नव्हतं.

"आई, बास," वृषाली म्हणाली. "साहेबांना सांगू. दुसरी पट्टी करून परत फेरी मागू."

"परत कोण देणार? ही एक मिळायला किती जणांच्या पाया पडलेय, तुला ठाऊक नाही?"

"तू दारातून खाली पडलीस तर?"

"पडत नाही."

"अगं पण तुटली तर..."

"वृषे, मला ही गाडी पाहिजे." काकूंचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "बांधा कायतरी. इंजिनिअर ना तुम्ही? मग बांधा की!"

मी पळत पंक्चरवाल्याकडून ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या. माझ्या सॅकमध्ये स्टीलची फूटपट्टी होती, ती चिरेवर उभी धरली आणि इम्तियाजनं वरून रबर गुंडाळायला घेतलं. दोनदा रबर त्याच्या हातून सुटलं आणि फूटपट्टी खाली पडली.

"आत्तार, आवळ अजून," काकू म्हणाल्या. "दुखलं तर सांगते."

बूट महत्प्रयासानं बसला. काकू उठल्या, दोन पावलं टाकली आणि हसल्या. ते हसणं मला अजून आठवतं. आम्हाला धीर यावा म्हणून हसल्या होत्या आणि आमचा होता तो धीरही गेला.

कुंभार्ली घाट उतरायला लागलो. डाव्या हाताला दरी आणि गाडी गच्च भरलेली. काकू आता दाराजवळच्या दांडीला पाठ लावून उभ्या होत्या. मी मनात देवाला म्हणत होतो, आता कुणी उतरायला नको, कुणी चढायला नको, चिपळूण येऊ दे.

एका आडव्या वळणावर बाबरनं गाडी थांबवली. खालून चढणारा मोठा ट्रेलर वळणात अडकला होता, त्याच्या मागं गाड्यांची रांग. ट्रेलरला वळायला जागा द्यायची तर आमची गाडी चढावर मागं घ्यायला हवी होती.

"शालनताई, उतरा," बाबर म्हणाला. "मागं घेतो. मला दरीकडचं काय दिसत नाही."

ही कंडक्टरची ड्यूटी. गाडी मागं घेताना कंडक्टरनं उतरायचं, गाडीच्या मागं उभं राहायचं आणि शिट्टी वाजवत उलटं चालायचं. शिट्टी चालू आहे तोवर ड्रायव्हर मागं येत राहतो. शिट्टी थांबली की थांबतो. आरशात न दिसणारं सगळं त्या शिट्टीवर सोपवलेलं असतं.

काकू उतरल्या. घोलपसाहेबही उतरून दाराशी उभे राहिले. आम्ही तिघं मागच्या काचेला नाक लावून बसलो. खाली काकू आल्या, कठड्याकडं बघितलं. कठडा तिथं ढासळलेला होता, नुसती खडी पसरली होती. त्यांनी शिट्टी ओठात धरली आणि वाजवली. बाबरनं गाडी सोडली. गाडी हातभर मागं आली.

काकूंनी उलटं पाऊल टाकलं. डावं पडलं. उजवं उचललंच नाही. बुटाची टोच खडीत रुतली आणि त्या मागच्या शिडीला धरून लोंबल्या. शिट्टी बंद पडली, गाडी थांबली. काचेच्या अलीकडून मी ओरडलो, पण काय ओरडलो ते मलाही कळलं नाही.

त्यांनी पाय ओढून घेतला, सरळ झाल्या आणि परत शिट्टी ओठात धरली. वर आमच्याकडं बघितलं. आमच्याकडं म्हणजे आमच्या एकट्यांकडं नव्हे. मागच्या काचेत आमच्याशेजारी एक बाई बाळाला घेऊन उभी होती, बाळ काचेवर हात आपटत होतं. काकूंनी त्या बाळाकडं बघितलं, कठड्याकडं बघितलं, आणि शिट्टी ओठातून काढली.

गाडीच्या पत्र्यावर त्यांनी जोरात थाप मारली.

"बाबर, हलवू नकोस! हँडब्रेक लाव!"

मग पत्र्याला हात लावत, पाय ओढत त्या दाराकडं गेल्या. त्यांचं बोलणं उघड्या खिडकीतून स्वच्छ ऐकू आलं.

"साहेब, मागं तुम्ही उभं राहा. माझ्या पायाचा भरवसा नाही. गाडीत माणसं हायत."

"शालनताई," घोलपसाहेब हळू म्हणाले, "मी काही बघितलं नाही अजून. पाय घसरतो कुणाचाही."

"घसरला नाही साहेब. उचललाच नाही." त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून साहेबांच्या हातात दिली. "लिवून टाका. शालन निकम स्वतःच्या तोंडानं नाही म्हणाली म्हणून लिवा."

साहेबांनी शिट्टी घेतली. गाडी मागं घेतली गेली, ट्रेलर वर गेला, रस्ता मोकळा झाला. काकू दोन्ही हातांनी स्वतःला ओढून वर चढल्या आणि दाराजवळच्या कंडक्टरच्या सीटवर बसल्या. त्या सीटवर मी त्यांना त्याआधी कधी बसलेलं बघितलं नव्हतं. खालच्या गावाला माणसं चढली ती उठून त्यांच्यापाशी जाऊन तिकीट घेत होती. काकू पैसे मोजत होत्या, तिकीट देत होत्या, बोलत मात्र नव्हत्या. त्या शांततेनं मला जे झालं ते मला सांगता येणार नाही. रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही असंही वाटत होतं.

चिपळूणच्या स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर इम्तियाज उठला आणि काकूंसमोर जाऊन उभा राहिला.

"काकू, माझ्यामुळं झालं."

"काय?"

"तेल. शाळेत असताना माझ्या दप्तरात अब्बांची बाटली सांडली होती. माझी आरपार प्लास्टिकची फूटपट्टी होती, ती अशीच तडकली. अशीच जाळी आली होती. मला माहीत होतं, काकू. मला लहानपणापासून माहीत होतं आणि मीच तुम्हाला बाटली दिली."

मला तेव्हा सगळं दिसलं. मोजा जिथवर ओला होता तिथवर भेगा होत्या. टाचेखाली तेल पोचलं नव्हतं आणि टाच स्वच्छ होती. पट्टी आम्ही वाकवली होती, ठोकली होती, लोंबकळवली होती. तिला कधी कुणाच्या पायाचं तेल लावलं नव्हतं. पायाला रोज काय चोळता, एवढा एक प्रश्न आमच्यापैकी कुणी काकूंना विचारला नव्हता.

काकू इम्तियाजकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती हिरवी बाटली? अरे, तिचं बूचबी काढलं नाही मी अजून. उग्र वासानं माझं डोकं दुखतं. कपाटात पडलीय तशीच."

वृषालीनं झटकन मान फिरवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. सगळ्या गाडीत निलगिरी आणि गंधपुरा भरून राहिला होता.

"काकू..."

"आत्तार, उगं कायतरी अंगावर ओढून घ्यायचं नाही. फुटली, फुटली. घरात भांडी फुटत नाहीत? जा, च्या पिऊन या सगळी. पोरीनं सकाळपासनं कायबी खाल्लं नाही."

त्यानंतर इम्तियाज कॉलेजला आलाच नाही. फोन उचलेना. घरी गेलो तर अब्बा म्हणाले, बाजाराला येतो माझ्यासोबत, पण गिऱ्हाइकाशी बोलत नाही. इकडं रिपोर्ट द्यायची तारीख जवळ येत होती आणि पट्टी फुटण्याचं कारण या मथळ्याखाली आमचं पान कोरं होतं.

"कारण समजलं नाही, असं लिहू," वृषाली म्हणाली.

"समजलंय की आपल्याला."

"आईनं त्याला सांगितलंय की तिनं लावलं नाही. आता मी ते खोटं पाडू? गाडी गेली तिची. त्याचं मन तेवढं तिनं राखलंय, ते तरी राहू दे."

आम्ही दोघं लॅबमध्ये ते कोरं पान पुढं घेऊन बसलो होतो. तेवढ्यात दारात इम्तियाज. दाढी वाढलेली, हातात तसलीच हिरवी बाटली. तो आत आला, उरलेल्या पॉलीकार्बोनेटची एक कापटी घेतली, ती वाकवून टेबलाच्या शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, पकडली आणि तेलात बोट बुडवून वाकलेल्या पाठीवर एक थेंब लावला.

आम्ही बघत उभे राहिलो. थोड्याच वेळात तो आवाज आला.

टक.

वृषाली किंचाळलीच. "झालं समाधान? तिनं तुझ्यासाठी खोटं बोलावं आणि तू बाटली घेऊन पुरावा दाखवत फिरावंस?"

"मग काय करू?" तो तिच्याहून मोठ्यानं ओरडला. इम्तियाजला ओरडताना मी पहिल्यांदा बघत होतो. "कारण समजलं नाही म्हणून लिहायचं? उद्या दुसरं कोण तरी आपला रिपोर्ट वाचून हीच पट्टी करेल. कुणाच्या तरी आईला घालेल. पाय दुखतो त्याच्या घरात तेल असणारच की! मला झोप येत नाही, वृषाली. डोळे मिटले की काकू त्या शिडीला लोंबलेल्या दिसतात."

असं म्हणून तो खालीच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. वृषाली त्याच्याशेजारी जाऊन बसली. मी शेगड्यातली तुटकी कापटी काढली आणि कोपऱ्यातला बादलीच्या प्लास्टिकचा तुकडा तिथं पकडला. त्यावर तेल ओतलं. थेंब नाही, ओतलंच. संध्याकाळपर्यंत तिघं त्याच्याकडं बघत बसलो. त्याला काही झालं नाही.

पुढचा महिना आम्ही वेड्यासारखं काम केलं. काकूंच्या पायाचा प्लॅस्टरचा साचा होताच. त्यावर बादलीचं प्लास्टिक तापवून बसवलं, ताठपणा यावा म्हणून पाठीवर उभ्या वळ्या काढल्या, तीनचारदा बिघडवलं, परत केलं. बूट शिवणाऱ्याला गाठून ड्यूटीचाच बूट आतून रुंद करून घेतला. एक पट्टी तेलाच्या भांड्यात बुडवून वाकवून ठेवली होती, रोज सकाळी आधी तिचं तोंड बघायचं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, पहिली का फुटली? इम्तियाजनंच उत्तर दिलं. तेल कुठून आलं तेही सांगितलं. सरांनी मार्क चांगले दिले. त्या मार्कांचं आम्हाला काय करायचं तेच कळेना. आज मी चाकणला एका कारखान्यात प्लास्टिकच्या भागांचं मटेरियल ठरवतो, आणि तक्ता समोर आला की आधी विचारतो, ही वस्तू वापरणारा माणूस कोण? लोक मला तिरसट म्हणतात.

तोंडी परीक्षा झाल्यावर नवी पट्टी घेऊन आम्ही डेपोत गेलो. काकू आता स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये माइकपुढं बसायच्या. कुठली गाडी कुठं लागली ते सांगायचं काम. इम्तियाज केबिनच्या आत आला नाही, दाराबाहेर खांबाला टेकून उभा राहिला.

काकूंनी पट्टी चढवली, बूट घातला आणि उठल्या. केबिनमधून बाहेर, फलाटावरून खाली, उभ्या गाड्यांच्या मधून पार टोकापर्यंत गेल्या. पाऊल सरळ पडत होतं. तिथं चिपळूणची गाडी उभी होती. काकूंनी दाराच्या दांडीला हात लावला, एक पाय पायरीवर ठेवला आणि तशाच राहिल्या. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि परत आल्या.

"आई," वृषाली घाईघाईनं म्हणाली, "घोलपसाहेबांना भेटूया. परत एक फेरी मागूया. ते नाही म्हणणार नाहीत."

"ते नाही म्हणणार नाहीत," काकू म्हणाल्या. "मीच म्हणणार. त्या दिवशी गाडीच्या मागं उभी राहिले आणि मला भ्या वाटलं, वृषे. इतक्या वर्षात कधी वाटलं नव्हतं. आता लोखंडाची पट्टी आणलीस तरी ते भ्या जायचं नाही. भिणाऱ्या बाईच्या शिट्टीवर बाबरनं गाडी मागं घ्यायची का?"

आम्ही जे करून आणलं होतं ते उत्तम होतं, आणि त्याची वेळ निघून गेली होती.

काकू खुर्चीत बसल्या. पाय पुढं करून पट्टीवरून हात फिरवला. मग केबिनच्या दाराकडं बघून त्यांनी हाक मारली.

"आत्तार! बाहेर काय उभा राहतोस, गाडी चुकल्यासारखा? आत ये."

इम्तियाज आत आला. मान खालीच.

"ह्या पट्टीला तेल लागलं तर चालतं का रं?"

"चालतं, काकू. अशीच एक महिनाभर बुडवून ठेवली होती. काही होत नाही."

"नक्की?"

"नक्की."

काकूंनी ड्रॉवर उघडला. आतून हिरव्या काचेची बाटली काढून त्याच्या हातात ठेवली. ती तळापर्यंत रिकामी होती.

"मग अब्बांना सांग, दुसरी भरून द्या म्हणावं. पाय लई ठणकतो."

आणि माइकचं बटण दाबून त्यांनी चिपळूणची गाडी लागल्याचं सांगितलं.